न शिकवलेला कालखंड

आपण अजून जिवंत आहोत असं सरांना दरवर्षी पेन्शनच्या ऑफिसला लेखी कळवावं लागे. त्या दाखल्याच्या प्रती काढायला ते झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने त्यांच्या हयातीच्या दोन प्रती काढून दिल्या आणि ड्रॉवरमधून एक तिसराच कागद काढून वर ठेवला. ''हे मॅडमचं, सर. प्रती घेऊन गेल्या आणि ओरिजिनल मशीनमध्येच राहिलं. सकाळपासून जपून ठेवलंय.'' मॅडम म्हणजे सरांची बायको. सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. ते परीक्षेचं हॉल तिकीट होतं. बी. ए., शेवटचं वर्ष, बहिःस्थ विद्यार्थी. नाव बायकोचंच, पण लग्नाआधीचं. फोटो मात्र अगदी ताजा, त्रेसष्टाव्या वर्षीचा, आणि त्यात तिने फोटोसाठी म्हणून ओठ इतके घट्ट मिटले होते की जणू कुणी तिच्याकडे कबुलीजबाबच मागत होतं. विषय एकच : अमेरिकन साहित्याचा इतिहास, कालखंड आणि त्यांची लक्षणे. तारीख येत्या सोमवारची. ''घरात कुणाची परीक्षा आहे का, सर?'' दुकानदाराने विचारलं. ''हो,'' सर म्हणाले, ''तसंच दिसतंय.''

रस्त्यावर आल्यावर त्यांनी तो कागद पुन्हा वाचला, मग चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि चार पावलांवर पुन्हा काढून वाचला. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, काहीही असतं तर त्यांनी कौतुकाने मान डोलावली असती. पण याच पेपरावर सरांनी चौतीस वर्षं संसार केला होता. पहिल्याच तासाला ते फळ्यावर सात रकाने आखत : प्युरिटन, बुद्धिवादी, स्वच्छंदतावादी, वास्तववादी, निसर्गवादी, आधुनिक, आणि त्यानंतरचा. एका रकान्याला सात लक्षणं. प्युरिटन माणूस देवाला भितो, रोज स्वतःची झडती घेतो, डायरी लिहितो आणि साधं लिहितो. बुद्धिवादी देवाला लांबून नमस्कार करून कामाला लागतो, पत्रकं छापतो, स्वतःला सुधारतो. स्वच्छंदतावादी रानात जातो आणि तिथे त्याला स्वतःचा आत्मा भेटतो. वास्तववादी गावात परत येतो आणि शेजारी कसे बोलतात ते जसंच्या तसं लिहून घेतो. निसर्गवाद्याचं म्हणणं, माणूस बिचारा काय करणार, रक्त आणि परिस्थिती ढकलतील तिकडे तो जाणार. आधुनिक माणसाचे तुकडे झालेले असतात आणि ते गोळा करायला त्याला सवड नसते. हे सर इतक्या चोख क्रमाने सांगत की मुलांना वाटे, एक अख्खा देश एके रात्री स्वच्छंदतावादी म्हणून झोपला आणि सकाळी वास्तववादी म्हणून उठून दात घासू लागला. एका लक्षणाला एक गुण. लक्षणाखाली रेघ मारलेली असावी. मुलं मागून त्यांना 'लक्षणेसर' म्हणत. पहिली दोन वर्षं सरांना वाटत होतं, विभागात त्या आडनावाचं कुणी तरी नवीन आलंय.

आणि आता घरातल्या माणसाने हाच पेपर भरला होता, आणि घरातल्या माणसाला विचारलं नव्हतं. घरात डॉक्टर असताना बायकोने कोपऱ्यावरच्या दुकानातून विचारून विचारून गोळ्या घ्याव्यात, तसं झालं होतं. गेले आठ महिने ती आठवड्यातून तीनदा दुपारी बाहेर जात होती. 'डोळ्यांच्या व्यायामाचा वर्ग' असं तिने सांगितलं होतं. सरांना त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट, दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःहून, ''तुझे डोळे बरेच सुधारलेले दिसतात,'' असं म्हटलं होतं. ती त्यावर खोकली होती. तो खोकला आता त्यांना रस्त्याच्या मधोमध ऐकू आला, आणि त्यात हसू होतं हे आज, दोन महिन्यांनी, त्यांच्या लक्षात आलं. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी सर फुटपाथच्या कडेलाच उभे होते.

लग्न झालं तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. सगळे पेपर झाले होते, हा एकच उरला होता. सरांना या शहरात नोकरी लागली, सामान हलवायचं ठरलं, आणि ट्रक नेमका या पेपराच्याच दिवसाचा मिळाला. सर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि ट्रकवाल्याला तारीख बदलायला सांगणं हे त्यांना देशाची घटना बदलण्याइतकं अवघड वाटलं होतं. ''पुढच्या वर्षी दे,'' ते म्हणाले होते. हे म्हणताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते त्यांनी आता आठवून पाहिलं. आठवला तो ताडपत्रीचा दोर. दोर ओला होता, काथ्या तळहाताला टोचत होता, आणि गाठ नीट बसत नव्हती. तिचा चेहरा त्या दोराच्या पलीकडे कुठे तरी असणार. नोकरी लागली तेव्हा सरांचा विषय होता इंग्रजी व्याकरण. अमेरिकन साहित्य त्यांच्या गळ्यात पडलं ते दुसऱ्या वर्षी, आणि तेव्हा तिने लग्नाआधीच्या आपल्या वह्या ट्रंकेतून काढून त्यांना दिल्या होत्या. पहिली लक्षणं सरांनी त्या वह्यांतूनच काढली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि पुढे पुढे ते स्वतःलाही सांगायचं राहून गेलं होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. लाइन जोडायची, ''बोला, लाइन चालू आहे'' म्हणायचं आणि कानावरचा हेडफोन काढायचा, असा नियम. एकतीस वर्षं ती शहराला शहराशी जोडत होती आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प बसत होती, आणि सरांना वाटे, बिचारी बोलून बोलून दमली.

ती घरी नव्हती. सर आरामखुर्चीत बसले आणि त्यांच्या मनाने, त्याला लावलेल्या सवयीप्रमाणे, फळ्यावर रकाने आखायला घेतले. संसाराची सुरुवात अर्थातच प्युरिटन. एक खोली, दोन ताटं, सरांची आई आठवडाभर राहायला यायची आणि दोघंही आपापल्या पापांची झडती घेत मुकाट जेवायची. मग लेक झाली आणि सर बुद्धिवादी झाले : बाळाच्या दुधाचं वेळापत्रक त्यांनी आलेखासह भिंतीवर लावलं होतं, आणि बाळ ते पाळत नाही म्हणून बाळावर रागावले होते. स्वच्छंदतावादाशी सर अडखळले. एकदा ते तळ्यावर गेले होते, लेक आजीकडे होती. बायको पाण्यात पाय सोडून बसली होती आणि सर काठावर पेपर तपासत होते. ''अहो, पाणी बघा ना,'' ती म्हणाली होती. ''हा गठ्ठा संपवतो,'' ते म्हणाले होते. म्हणजे कालखंड झाला होता, नाही असं नाही. फक्त सर त्यात हजर नव्हते. पुढे सरांचे वडील अंथरुणाला खिळले, तीन वर्षं, आणि रक्त नि परिस्थिती यांच्यापुढे माणसाचं काही चालत नाही हे सरांना पुरेपूर पटलं. वडिलांची चादर रोज कोण बदलत होतं, हा प्रश्न मात्र त्या रकान्यात कुठे बसेना. कुठल्याही रकान्यात ती पुरी बसत नव्हती. प्रत्येक ठिकाणी तिचा एखादा हात, एखादं वाक्य, पाठमोरी वेणी तेवढी दिसे, आणि लक्षण म्हणून लिहायला घ्यावं तर खडू तिथेच थांबे.

ती आली ती थेट आतल्या खोलीत गेली. मग कपाटाचं दार वाजलं, मग ड्रॉवर, मग पुन्हा कपाट. पिशवी पलंगावर उलटी केल्याचा आवाज आला. ''काय शोधतेस?'' सरांनी बसल्या जागेवरून विचारलं. ''काही नाही. सुई.'' ''सुई पर्समध्ये?'' ''कुठेही असू शकते हो सुई. म्हणून तर शोधायची.'' कागद सरांच्या छातीवर, खिशात होता. द्यायला हात पुढे करायचा, एवढंच काम. पण दिला की विचारावं लागणार, आणि विचारलं की ती सांगणार, आणि जे सांगेल ते ऐकायची आपली तयारी आहे का, हे सरांना अजून समजत नव्हतं. ती बाहेर आली, वर्तमानपत्रांची रद्दी उचकू लागली. तिच्या कपाळावर घाम होता. केस कानामागे सारून तिने तोच गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून उचकला, आणि ते पाहून सरांना आपल्या खिशाची अशी शरम वाटली की ते पाणी प्यायच्या निमित्ताने उठले, आत गेले, आणि घडी घातलेला कागद तिच्या शिवणाच्या डब्यात, सुयांच्या पाकिटाखाली ठेवून आले. सुई शोधतेय म्हणाली होती ना. युक्ती त्यांना मोठी नामी वाटली.

पाच मिनिटांत ती डबा घेऊनच समोर येऊन उभी राहिली. ''हे तुम्ही ठेवलंत.''

''मी? कशावरून?''

''चार घड्या. तुम्ही रुमालापासून मृत्युपत्रापर्यंत सगळ्याला चार घड्या घालता. आणि हा डबा मी दोनदा बघितला होता.'' ती समोरच्या खुर्चीवर बसली. ''कधी कळलं?''

''आज. झेरॉक्सवाला म्हणाला, मशीनमध्येच राहिलं.'' सरांनी घसा साफ केला. तासाला करत तसा. ''मला सांगितलं का नाहीस?''

ती हॉल तिकिटाच्या घड्या तळहाताने सपाट करत राहिली. ''सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं असतंत.''

हे वाक्य तिने इतक्या साधेपणाने म्हटलं की सर आधी त्यात दोष शोधू लागले आणि मग त्यांना तो सापडेना. लागलं म्हणावं तर लागलं होतं, पण कुठे ते कळत नव्हतं; अंधारात टेबलाचा कोपरा लागावा आणि गुडघा की मांडी ते उजेडात कळावं, तसं. त्यांनी तोंड उघडलं. सात रकाने ओळीने घशाशी येऊन उभे होते. त्यांनी ते परत खाली ढकलले. ''नाही शिकवत,'' ते म्हणाले. ''शपथ. प्रश्न विचारू फक्त?''

''नको.''

''उत्तरं तपासू?''

''मुळीच नको.''

''मग मी काय करू?''

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला असावा. ''ऐकता येईल का? मला मोठ्याने वाचलं की लक्षात राहतं. दुपारी जाते त्या वाचनालयात बोलू देत नाहीत. मध्ये बोलायचं नाही पण. एक शब्द बोललात तर मी जिन्यात जाऊन वाचेन.''

असे चार दिवस गेले. दुपारी ती वाचे आणि सर ऐकत. पहिल्या दिवशी सरांची अवस्था फार वाईट झाली. तिने बुद्धिवाद्यांचं एक साल चुकीचं वाचलं तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी साल चुकलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण ते तिचा आवाज ऐकत होते. तिचा आवाज एक्स्चेंजवरचा होता : चढ-उतार नसलेला, पण प्रत्येक शब्द पोचवणारा. सरांनी हे आवाजाचं पोचवणं कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत लाइन बहुधा जोडलेलीच नव्हती. तिच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने बारीक काही तरी लिहिलेलं असे. ती पाणी आणायला उठली की सर मान लांब करून वाचत. प्युरिटनांच्या डायरीशेजारी लिहिलं होतं, 'सासूबाई'. वास्तववादाशेजारी, 'असंच बोलतात लोक, मी ऐकलंय'. आणि आधुनिकांच्या तुकड्यांशेजारी, 'लेक सासरी गेल्यावरचं घर'. लक्षण म्हणून यातलं एकही चाललं नसतं. सरांनी यातल्या प्रत्येकाला शून्य दिलं असतं, लाल शाईत, वर्तुळ काढून. ते खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून बसले. चौतीस वर्षांत अशी किती शून्यं काढली असतील, हे मोजायला त्यांचं मन तयार होईना.

शनिवारी ती सातव्या कालखंडावर आली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या. तिने वाचायला सुरुवात केली : आजवर ज्यांना कुणी विचारलं नव्हतं ते लिहू लागले. बायका, गुलामांची नातवंडं-पतवंडं, बोटीतून उतरलेली माणसं, मूळचे तिथलेच पण उपऱ्यांसारखे वागवले गेलेले. कथा सांगणारा बदलला म्हणून कथा बदलली. सर ऐकत होते आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की आज खुर्चीचा हात धरावा लागत नाहीये. कारण यातलं त्यांना काहीच येत नव्हतं. ''थांब,'' ते म्हणाले, आणि जीभ चावली. ती थांबली, पण जिन्यात गेली नाही. ''हा बोटीतून उतरलेल्यांचा भाग,'' सर म्हणाले, ''पुन्हा वाचशील?''

''तुम्हाला हे ठाऊक नाही?''

''आमच्या वेळी पोर्शन इथपर्यंत पोचायचा नाही. गॅदरिंग, निवडणुका, संप, काही ना काही निघायचं. मी सांगायचो, उरलेलं स्वतः वाचा.''

''दरवर्षी?''

''दरवर्षी.''

''चौतीस वर्षं?'' ती पुस्तक मांडीवर ठेवून हसू लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ''म्हणजे तुमच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांच्या मते अमेरिका महायुद्धातच आटोपली?''

सरांनाही हसू आलं, पण ते अर्ध्यावर आलं आणि तिथेच राहिलं. रकाना ते दरवर्षी आखत. त्याला मथळा देत. खाली काहीच लिहीत नसत, आणि तास संपला की फळा पुसणारा शिपाई तो रिकामा रकाना बाकीच्यांबरोबर पुसून टाकी. तिने पदराने डोळे टिपले आणि काही न विचारता तो भाग पुन्हा वाचला, पहिल्यापासून, सावकाश.

सोमवारी ते तिच्याबरोबर गेले. परीक्षा-केंद्र त्यांचंच जुनं कॉलेज होतं. फाटकाशी आयाबाया, बाप, मामा यांची गर्दी होती आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्या कुणाची तरी पाण्याची बाटली होती. तिने सरांच्या हातात पर्स दिली, फोन दिला, चष्म्याचं घर दिलं. ''जाते,'' म्हणाली. तिच्या पुढे-मागे तिच्या नातीच्या वयाच्या मुली होत्या. एकीने तिला वाट करून देत विचारलं, ''आजी, सुपरव्हिजनला का?'' ''नाही गं, तुझ्याच बाकावर,'' ती म्हणाली आणि जिना चढून गेली, मध्ये एकदा कठड्याला हात लावून. जुन्या शिपायाने सरांना ओळखलं, धावत आला. ''सर! आत चला, ऑफिसात बसा. पेपर तपासायला बोलावलंय का?'' ''नाही,'' सर म्हणाले, ''मी पालक आहे.'' शिपाई हसला, मग सरांच्या हातातली पर्स पाहून हसायचा थांबला आणि त्याने त्यांच्यासाठी एक स्टूल आणून झाडाखाली ठेवलं. तीन तास सर त्या स्टुलावर बसले. दर पाच मिनिटांनी ते घड्याळ बघत, मग जिना बघत. त्यांनी आयुष्यात हजारो मुलांना या जिन्यावरून वर पाठवलं होतं आणि खाली फाटकाशी असं काही चाललेलं असतं, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

ती सगळ्यांत शेवटी आली. बोटांना शाई होती. ''अहो, पहिला प्रश्न सक्तीचा होता. कोणत्याही दोन कालखंडांची लक्षणं सांगा, वीस गुण. मी लक्षणं नाही लिहिली.''

''मग?''

''ती कथा आहे ना शेवटच्या भागात, हॉटेलातल्या खोल्या साफ करणाऱ्या बाईची, तिच्यावरच लिहीत बसले. सगळा वेळ त्यातच गेला. बाकीचं धावतपळत लिहिलं.'' ते चालू लागले. बस-स्टॉप आला आणि मागे पडला, दोघांच्याही लक्षात आलं नाही. ''नापास होईन का हो?''

सरांनी हिशेब केला होता, ती सांगत असतानाच. पेपर तपासणारे सगळे त्यांचेच विद्यार्थी. एका लक्षणाला एक गुण. रेघ मारलेली असावी. त्यांनीच शिकवलं होतं, आणि फार चांगलं शिकवलं होतं. ''होऊ शकतेस,'' ते म्हणाले. ''माझ्याकडे पेपर आला असता तर त्या प्रश्नाला मी शून्य दिलं असतं.''

''हं.'' तिचा चेहरा पडला नव्हता. ती काही तरी तोलून पाहत होती. ''असू दे. मला तेच लिहायचं होतं. ती बाई दर रविवारी मायदेशी आईला फोन करते, त्यांच्या भाषेत, आणि सांगते, मी इथे शाळेत शिकवते. आणि मध्येच गप्प होते. लेखिकेने ते गप्प होणं लिहिलंय हो. एक्स्चेंजवर मी असं रोज ऐकायचे. नियम होता, ऐकायचं नाही, पण लाइन तुटली की काय ते बघायला ऐकावंच लागायचं. लाइन तुटलेली नसायची. माणूस असायचा तिथे. एकतीस वर्षं मला वाटत होतं, हे कुणाला सांगण्यासारखं नाही.''

सरांनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. इतकी वर्षं त्यांनी माणसांना फक्त असेच प्रश्न विचारले होते, ज्यांची उत्तरं त्यांच्याकडे आधीच तयार असत. हे उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ''मग?'' ते म्हणाले. ''ती आईला खरं सांगते?''

''तेच लिहीत होते आणि घंटा झाली.''

''पण सांगते का?''

तिने थांबून त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत आहेत, याची तिने खात्री करून घेतली. शेजारी एका बंद दुकानाच्या पायऱ्या होत्या. तिने वरची पायरी हाताने झाडली, स्वतः तिच्यावर टेकली आणि खालची त्यांना दाखवली.

''बसा,'' ती म्हणाली. ''सांगते.''